अर्ध्या तासाच्या भेटीवर पूर्ण लांबीचा विनोदी चित्रपट कसा उभा राहतो?

एका नव्या लेखकाने विचारलेला प्रश्न असा: 'एल्विस अँड निक्सन' पाहिला, आवडला, पण त्याची जुळणी कळली नाही. रॉक अँड रोलचा बादशहा आणि अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष यांची खरी भेट जेमतेम अर्ध्या तासाची. तेवढ्यावर अख्खा चित्रपट लिहायला ऐवज आणायचा कुठून? विनोद नेमका कुठे पेरायचा? आणि १९९६ साली मायकल जॅक्सन 'मातोश्री'वर गेला होता, त्या भेटीवर मराठीत असं काही लिहिता येईल का?

मी पटकथा लिहितो आणि शिकवतो. खऱ्या घटनेवर विनोदी कथा बांधायची असेल तर विद्यार्थ्यांना मी हाच चित्रपट आधी दाखवतो, म्हणून उत्तर लांबणार आहे. सार आधीच सांगतो. अशा चित्रपटातला बहुतेक विनोद भेट जुळवणाऱ्यांच्या धावपळीत असतो, आणि लेखकाने त्या दोन मोठ्या माणसांची गरज मनापासून खरी मानली तरच तो फुलतो. त्यांच्यावर हसायचं ठरवून बसलात तर दहा मिनिटांत प्रेक्षक थंड पडतो.

आधी घडलं काय ते नीट पाहू, कारण या प्रकरणात घटनांचा क्रमच निम्मी पटकथा आहे. डिसेंबर १९७०. एल्विस प्रेस्ली ३५ वर्षांचा. लास व्हेगासमधल्या कार्यक्रमांनी त्याला पुन्हा शिखरावर आणून बसवलंय. नाताळच्या भेटवस्तूंवर त्याने एक लाख डॉलरहून अधिक रक्कम उधळलेली: ३२ पिस्तुलं आणि १० मर्सिडीज गाड्या. वडील आणि बायको प्रिसिला यांनी त्यावरून कटकट केली, तसा हा १९ तारखेला रागाने मेम्फिसच्या घरातून एकटाच बाहेर पडला. ज्या माणसाभोवती चोवीस तास मित्रांचा गराडा, तो एकटा विमानतळावर. आधी वॉशिंग्टन, मग तिथून लॉस एंजेलिस. तिथे त्याचा जुना मित्र जेरी शिलिंग राहायचा, पॅरामाउंट या चित्रपट कंपनीत संकलन विभागात काम करायचा. त्याला बरोबर घेऊन एल्विस रात्रीच्या विमानाने पुन्हा वॉशिंग्टनला निघाला. सोबत निक्सनसाठी भेट म्हणून लॉस एंजेलिसच्या घराच्या भिंतीवरून उतरवलेलं, पेटीत सजवलेलं कोल्ट पॉइंट फोर फाइव्ह पिस्तूल. (आज हे अशक्य वाटतं, पण अमेरिकेत सगळ्या विमानप्रवाशांची तपासणी सक्तीची झाली ती १९७३ पासून.)

त्याच विमानात कॅलिफोर्नियाचे सिनेटर जॉर्ज मर्फी होते. मर्फी स्वतः एके काळचे चित्रपटातले नट, नाचगाण्याच्या चित्रपटांतले, आणि नोव्हेंबरातच निवडणूक हरलेले. एल्विस त्यांच्याशी बोलला आणि अमेरिकन एअरलाइन्सच्या कागदावर राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहायला बसला. ते पत्र आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्यात तो लिहितो की अमली पदार्थांच्या नादी लागलेली तरुण मंडळी, हिप्पी, ब्लॅक पँथर ही कृष्णवर्णीयांची जहाल संघटना वगैरे मला शत्रू मानत नाहीत, तेव्हा मी देशाच्या उपयोगी पडू शकतो. मात्र त्यासाठी मला संघराज्याचा विशेष अधिकारी करा. अमली पदार्थ आणि कम्युनिस्टांचं बुद्धिभेदाचं तंत्र यांचा आपण सखोल अभ्यास केल्याचंही सांगतो. शेवटी पत्ता: वॉशिंग्टन हॉटेल, खोली क्रमांक ५०५, ५०६, ५०७, नाव जॉन बरोज. हे त्याचं टोपणनाव.

२१ डिसेंबरला भल्या सकाळी त्याने स्वतः व्हाइट हाउसच्या फाटकावर पत्र दिलं. दुपारी साडेबारा वाजता तो निक्सनसमोर ओव्हल ऑफिसमध्ये उभा होता.

आता लेखकाच्या नजरेने बघा. साडेसहा ते साडेबारा, सहा तास. कुणाचीही पूर्वसूचना नसताना, कामाच्या सोमवारी, नाताळच्या आठवड्यात, देशातल्या सर्वांत कडेकोट दारातून एक गायक सहा तासांत आत कसा पोचतो? चित्रपट इथे आहे. भेटीच्या अर्ध्या तासाला चिकटून बसाल तर सामग्री संपते. या सहा तासांकडे वळलात तर जागा पुरत नाही.

या सहा तासांचा कागदोपत्री पुरावा उपलब्ध आहे आणि तो वाचताना माझ्यासारख्याला अजूनही हेवा वाटतो, इतका तो तयार सीन आहे. पत्र निक्सन यांचे साहाय्यक ड्वाइट चेपिन यांच्या टेबलावर आलं. त्यांनी वरिष्ठ एच. आर. हाल्डमन यांना टिपण पाठवलं, त्यात एक वाक्य असं की राष्ट्राध्यक्षांना सरकारबाहेरच्या हुशार तरुणांना भेटायचं असेल तर सुरुवात प्रेस्लीपासून करायला हरकत नाही. हाल्डमननी त्या वाक्यासमोर समासात हाताने लिहिलं: थट्टा करताय की काय! आणि तरीही त्याच टिपणावर भेटीला मंजुरी दिली. तिरस्कार आणि होकार एकाच कागदावर, एकाच हस्ताक्षरात. असा सीन आपण कल्पनेने रचायला गेलो तर निर्माता म्हणेल फार झालं, पटत नाही.

दुसरा माणूस एगिल क्रोग, सगळे त्यांना बड म्हणत. अमली पदार्थांचा विषय त्यांच्याकडे होता. भेटीत काय बोलावं याची मुद्द्यांची यादी तयार झाली. जिमी हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉपलिन हे रॉक कलाकार नुकतेच गेले होते, सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये. यादीत त्यांचा उल्लेख आहे. शिवाय सूचना अशी की एल्विसने केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या व्यसनमुक्ती केंद्रात जगण्याचीच नशा चढू द्या अशा आशयाचा अल्बम ध्वनिमुद्रित करावा. कोट-टाय घातलेली, पस्तिशीच्या आतली हुशार माणसं हे सगळं गंभीरपणे टंकलिखित करतायत. त्यांना खात्री आहे की यातून काही चांगलं निघेल. ती खात्री हसवते, आणि हसवतानाच ती माणसं आवडायला लागतात.

म्हणून लिझा जॉन्सन यांनी दिग्दर्शित केलेल्या २०१६ च्या चित्रपटात चेपिन (एव्हन पीटर्स) आणि क्रोग (कॉलिन हँक्स) या जोडीला इतकी जागा दिली आहे. स्थळ पाहायला गेल्यावर मुलगा-मुलगी मुकाट बसलेली असतात आणि सगळी तारांबळ मधल्या मंडळींची उडते, तसं हे आहे. एका बाजूला हे दोघे. दुसऱ्या बाजूला जेरी आणि मेम्फिसहून धावत आलेला एल्विसचा दुसरा साथीदार सनी वेस्ट. चार मधली माणसं. दोन बड्यांपैकी कुणालाही दुसऱ्याचं फारसं ठाऊक नाही, ठाऊक असण्याची गरजही वाटत नाही. या चौघांना सगळं ठाऊक आहे आणि सगळ्याचीच धास्ती आहे. निक्सन आधी नाही म्हणतो, मग मुलीला एल्विसची सही हवी म्हणून राजी होतो, ही चित्रपटाने घेतलेली वाट. हुकूमशाही थाटाच्या नकाराला घरातून सुरुंग लागतो. हा जुना, पारखलेला उपाय आहे आणि इथे चपखल बसतो, कारण निक्सन पहिल्यांदाच माणूस म्हणून दिसतो.

तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलंय, की मोठी माणसं एकत्र आली की विनोद आपोआप होतो. होत नाही. दोन प्रसिद्ध माणसं समोरासमोर उभी केली तर प्रेक्षक पहिल्यांदा हसतो ते ओळखीच्या आनंदाने. हा हशा फुकटचा असतो आणि दीड मिनिटात विरतो. नाटकात जे प्रसिद्ध नटाच्या एंट्रीच्या टाळीचं होतं तेच. त्या टाळीनंतर नटाला काहीतरी करायला लागतं. काय करायचं? काहीतरी मागायचं. एल्विसला बिल्ला हवा आहे. अमली पदार्थ प्रतिबंधक खात्याचा खराखुरा बिल्ला. निरनिराळ्या पोलीस खात्यांचे बिल्ले तो आधीपासून जमवत होता, आणि हा मिळाला नाही तर संग्रह अपुरा. त्याच दिवशी सकाळी तो त्या खात्याच्या उपसंचालकांकडे, जॉन फिनलेटर यांच्याकडेही गेला. त्यांनी नकार दिला. मग थेट सर्वोच्च माणसाकडे.

मागणी अशी असावी. हातात मावणारी. नायकाला देशाचं भलं करायचंय, कीर्ती हवी आहे, शांती हवी आहे, असं लिहिलंत तर नट काय धरून खेळणार? बिल्ला दिसतो, मागता येतो, नाकारता येतो, खिशात घालता येतो. ज्या माणसाकडे सगळं आहे त्याला नेमकी तीच एक वस्तू मिळत नाहीये, आणि ती दुकानात नाही. त्यामागे दुसरी, खोल मागणी आहेच: आपल्याला कुणीतरी गंभीरपणे घ्यावं. गायक म्हणून त्याला जग ओळखतं, तेवढं त्याला पुरत नाही. ही खोल मागणी त्याच्या तोंडी घालायची गरज नाही. बिल्ल्यासाठी तो किती खाली वाकतो हे दाखवलं की पुरतं.

निक्सनची मागणी? १९७० साल त्याच्यासाठी वाईट होतं. कंबोडियावरच्या हल्ल्यानंतर विद्यापीठं पेटली, ४ मे रोजी केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले. तरुण पिढी त्याचा तिरस्कार करत होती आणि हे त्याला आत कुठेतरी डाचत होतं. समोर आलेला माणूस तरुणांचा लाडका, निदान काही वर्षांपूर्वीपर्यंत होता. म्हणजे दोघेही एकमेकांकडे तेच मागायला बसलेत, जे दुसऱ्यापाशी आता पुरतं उरलेलं नाही. एल्विसला सरकारी मान हवा, तर सरकारचीच अब्रू घसरतेय. निक्सनला तरुणाई हवी, तर एल्विस तिशी ओलांडून नव्या पिढीला कधीच जुना झालाय. ही जोडणी मिळाली की संवादात कोट्या टाकायची गरजच पडत नाही.

आता भेटीकडे. इथे एक ऐतिहासिक योगायोग लेखकाच्या पथ्यावर पडला आहे. निक्सनने आपल्या कार्यालयात गुप्त ध्वनिमुद्रणाची यंत्रणा बसवली ती फेब्रुवारी १९७१ मध्ये. पुढे हजारो तासांच्या त्याच फितींनी त्याला बुडवलं. पण ही भेट त्याआधी दोन महिने झाली, म्हणून तिची फीत नाही. आहेत ती छायाचित्रकार ऑली अ‍ॅटकिन्स यांनी टिपलेली छायाचित्रं आणि क्रोग यांनी भेटीनंतर लिहिलेलं टिपण. हस्तांदोलनाचं ते छायाचित्र अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सर्वांत जास्त मागितलं जाणारं आहे, राज्यघटनेच्या प्रतीपेक्षाही. म्हणजे चेहरे, कपडे, खोली सगळं पक्कं. शब्द मात्र बहुतेक मोकळे. लेखकाला याहून चांगली विभागणी मिळायची नाही.

पण 'मोकळे' म्हणजे वाटेल ते लिहा असं नाही. क्रोग यांचं टिपण एकदा वाचा. एल्विस आल्या आल्या कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, टेनेसीच्या पोलिसांचे बिल्ले काढून दाखवतो. मी व्हेगासमध्ये कार्यक्रम करत होतो असं सांगतो, तर निक्सन म्हणतो, तिथे कार्यक्रम करणं किती कठीण असतं ते मला ठाऊक आहे. बीटल्सनी अमेरिकेत येऊन पैसा केला आणि मायदेशी परत जाऊन अमेरिकेविरुद्ध प्रचार केला अशी एल्विसची तक्रार. निक्सन मान डोलावतो, थोडा चकितही होतो. मी टेनेसीचा एक गरीब पोरगा, या देशाने मला खूप दिलं, त्याची परतफेड करायची आहे, असं एल्विस भावुक होऊन सांगतो. तुमची तरुणांमधली पत टिकली पाहिजे, असं निक्सन पुन्हा सांगतो. आणि निरोपाच्या वेळी एल्विस अचानक डाव्या हाताने त्याला मिठी मारतो. सरकारी भाषेत, कोरडेपणाने लिहिलेलं हे टिपण. त्यातलं व्हेगासचं वाक्य मी वर्गात वाचून दाखवतो, कारण त्यात पूर्ण पात्र आहे. राष्ट्राध्यक्षाला पाहुण्याशी बोलायला काही सापडत नाहीये आणि तो शिष्टाचार म्हणून त्याच्या धंद्याविषयी सहानुभूती व्यक्त करतोय. क्रोग यांनी पुढे आठवणींच्या पुस्तकात आणखी एक देवाणघेवाण दिली आहे: निक्सन म्हणतो, तुमचा पोशाख जरा विचित्रच असतो, नाही? त्यावर एल्विस: तुमचा तमाशा तुमच्यापाशी, माझा माझ्यापाशी. जांभळा मखमली कोट, कमरेला सोन्याचा भलामोठा पट्टा, या वेशात हे वाक्य. एका फटक्यात दोघे समव्यवसायी झाले.

चित्रपटातल्या भेटीत यावर काही चढवलंय. एल्विसला आधी बजावलेलं असतं की टेबलावरच्या चॉकलेटच्या गोळ्या आणि डॉक्टर पेपर या शीतपेयाची बाटली राष्ट्राध्यक्षांची, हात लावायचा नाही. तो सरळ गोळ्या तोंडात टाकतो. आधी नियम, मग त्याचा भंग: विनोदाच्या बांधणीत यापेक्षा साधं काही नाही आणि यापेक्षा खात्रीचंही काही नाही. मात्र भंग करताना एल्विसने जराही उद्दामपणा दाखवलेला नाही. तो खरंच सहज, आपल्या घरात असल्यासारखा खातो. निक्सनचा जीव वरखाली होतो आणि तो बोलू शकत नाही. सत्तेचा सगळा डोलारा एका वाटीभर गोळ्यांपुढे थिटा पडतो. पुढे कराटेची प्रात्यक्षिकं येतात. ती मला थोडी जास्त वाटतात. पण नटांनी बेअरिंग सोडलेलं नाही, म्हणून निभावतात.

बेअरिंगवरून नटांबद्दल. मायकल शॅनन एल्विससारखा अजिबात दिसत नाही. हाडकुळा चेहरा, खोल गेलेले डोळे. पहिली पाच मिनिटं प्रेक्षक अडखळतो. पण शॅनन नक्कल करत नाही. आवाज खाली ठेवतो, हालचाल सावकाश, समोरच्याकडे अशा सौम्य एकाग्रतेने पाहतो की समोरचा विरघळतोच. केव्हिन स्पेसीचा निक्सन त्या मानाने नकलेच्या जवळचा, खांदे वाकवून, आवाज घशात अडकवून. दोघं समोरासमोर आले की फरक लगेच कळतो. आपल्याकडे मिमिक्रीची मोठी परंपरा आहे, आणि नेत्याची भूमिका म्हटली की नट लगेच आवाज पकडायला जातो. प्रहसनात तीन मिनिटं ते खुलतं. पूर्ण चित्रपटात नक्कल ही भिंत होते, प्रेक्षक आत शिरूच शकत नाही. नट निवडताना चेहरेपट्टी दुय्यम ठेवा.

चित्रपटाचा कमकुवत भाग सांगायलाच हवा, कारण तोही शिकवतो. जेरीला लवकर लॉस एंजेलिसला परतायचंय, तिथे प्रेयसी वाट पाहतेय, हा उपकथानकाचा धागा. लेखकांना तो का लागला हे मला कळतं: सामान्य माणसाचं काहीतरी पणाला लागलं पाहिजे, घड्याळ टिकटिकलं पाहिजे. पण तो धागा भेटीच्या गोष्टीत गुंतत नाही. तो काढला तर व्हाइट हाउसमध्ये काहीच बदलत नाही. उपकथानक असं हवं की ते तुटलं तर मुख्य भेटही तुटेल. जेरीचं खरं नाट्य मित्राच्या छायेतून बाहेर पडण्याचं आहे. ते विमानतळावर, हॉटेलात, मोटारीत एल्विससोबतच घडू शकलं असतं. चित्रपटाची लांबी ८६ मिनिटं आहे. हा धागा वजा करून ती जागा चेपिन-क्रोगना दिली असती तर मी जास्त खूश झालो असतो.

त्याच्या उलट, एक मोह टाळल्याबद्दल लेखकांचं मनापासून कौतुक. पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. हाल्डमन, क्रोग, चेपिन तिघेही निक्सनच्या काळातल्या गैरकृत्यांपायी तुरुंगात गेले. निक्सनने ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा दिला. अमली पदार्थांविरुद्ध शिपाई व्हायला निघालेला एल्विस डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या आहारी गेला आणि ऑगस्ट १९७७ मध्ये ४२ व्या वर्षी वारला. एवढं हाताशी असताना दर दुसऱ्या संवादात त्याची सूचना देण्याची इच्छा होते. लेखक ती आवरतात. पात्रांना उद्याचं माहीत नाही, म्हणून तीही आजच जगतात. प्रेक्षकाला माहीत असतं; तो मनातल्या मनात जोडून घेतो आणि त्याचं हसू थोडं जड होतं. ते त्याच्यावर सोपवलं पाहिजे. याच भेटीवर १९९७ साली अ‍ॅलन आर्कुश यांनी एक दूरचित्रवाणी चित्रपट केला होता. त्याची पद्धत निराळी, खोट्या माहितीपटाची, आणि थट्टा जास्त मोकळी. दोन्ही पाठोपाठ पाहा. एकाच घटनेवर सूर किती बदलू शकतो ते कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगलं कळेल.

आता 'मातोश्री'. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. राज्यात शिवसेना-भाजपचं सरकार, कार्यक्रमामागे राज ठाकरे यांची शिव उद्योग सेना, हेतू तरुणांच्या रोजगारासाठी निधी. त्या दौऱ्यात जॅक्सन कलानगरला जाऊन बाळासाहेबांना भेटला. कार्यक्रमाला करमणूक करातून सूट मिळाली, त्याविरुद्ध मुंबई ग्राहक पंचायत न्यायालयात गेली, आणि तीन कोटींहून अधिक रकमेच्या त्या प्रकरणाचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो थेट २०२१ मध्ये. त्या भेटीचे किस्से तुम्ही ऐकले असतील, घरातल्या स्वच्छतागृहाचा तर सगळ्यांनीच ऐकलाय. प्रत्येक जण तोच किस्सा सांगून म्हणतो, बस, यावर सिनेमा! माझं मत ठाम आहे: तो किस्सा चित्रपटात ठेवायचाच असेल तर एखाद्या सीनच्या कडेला ठेवा. तो गाजलेला आहे, म्हणजे त्याचा हशा घराघरांत आधीच वसूल झालेला आहे.

तुमचा चित्रपट वांद्र्याच्या त्या गल्लीत आहे. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसाचा ताफा येणार म्हणून बंदोबस्त कुणी लावला? दिवाणखान्यात कोण बसणार आणि कोण दाराशी उभं राहणार हे कुणी ठरवलं? चहा की सरबत? दुभाषा कोण? शाखेतल्या ज्या कार्यकर्त्याने आयुष्यभर पाश्चात्त्य संस्कृतीविरुद्ध मोर्चे काढले, त्याला आज त्या संस्कृतीच्या सर्वांत झगमगत्या माणसासाठी गर्दी हटवायची आहे. त्याच्या घरी भिंतीवर पोरीने जॅक्सनचं पोस्टर लावलंय आणि तीन महिने घरात अबोला आहे. हा कार्यकर्ता काल्पनिक असेल, असू द्या. त्याला लिहिताना तुम्हाला कुणाची परवानगी लागणार नाही, आणि तुमचा खरा नायक तोच आहे. दोन मोठी माणसं त्याच्या नजरेतून दिसू द्या.

परवानगीचा मुद्दा हलका घेऊ नका. भारतात मृत व्यक्तीच्या बदनामीबद्दलही, तिच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल तर, फौजदारी खटला होऊ शकतो. शिवाय सेन्सॉर प्रमाणपत्र, आणि त्यानंतर रस्त्यावरची प्रतिक्रिया. पण भीतीपोटी दोघांना कागदी करू नका. बाळासाहेब मुळात व्यंगचित्रकार. चेहरा बघता बघता त्यातलं व्यंग टिपणारा डोळा. समोर जगातला सर्वांत जास्त छायाचित्रित चेहरा. ते त्याच्याकडे कसे बघतील? इथून तुम्हाला आदर आणि विनोद एकत्र मिळतात, कुणालाही न दुखावता. जॅक्सनला त्या खोलीतून काय हवं होतं, हातात मावेल असं काय, हे मात्र तुम्हाला शोधावं लागेल. ते सापडेपर्यंत संवादाला हात लावू नका.

कामाची पद्धत सांगतो. एखाद्या चांगल्या ग्रंथालयात जाऊन ऑक्टोबर १९९६ च्या अखेरच्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याची मराठी-इंग्रजी वर्तमानपत्रं काढा. बातम्यांइतकंच जाहिराती, वाचकांची पत्रं, स्थानिक पानावरच्या चौकटी वाचा. त्या दिवसांचा तासागणिक तक्ता करा: कोण कुठे होता, कुणाच्या हातात काय होतं. जिथे छापील नोंद आहे तिथे काळी शाई, जिथे ऐकीव गोष्ट आहे तिथे लाल, जिथे काहीच नाही तिथे कोरं. तुमची कल्पना कोऱ्या चौकोनांतच चालवा. काळ्याला धक्का लावायचा नाही, आणि लाल दोन ठिकाणांहून पक्कं झाल्याशिवाय वापरायचं नाही.

मग भेटीचा सीन आधी लिहून टाका, दहा पानं, मनात येईल ते सगळं. आठवडाभर तो बाजूला ठेवा. परत वाचताना ज्या ज्या ओळीवर तुम्हाला स्वतःच्या हुशारीचं हसू येईल ती खोडा. पात्र आपल्या गरजेपायी बोलतंय अशा ओळी ठेवा. साधारण चार पानं उरतील. ती चित्रपटाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात नेऊन ठेवा आणि पहिलं पान उघडा: पहाट, कलानगर, आणि तुमचा कार्यकर्ता हातात बांबू घेऊन बॅरिकेड बांधतोय.